इतर अधिकार

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'इतर अधिकार' नावाचा एक रकाना असतो. बँकेनं किंवा सोसायटीनं कर्ज दिलं की तलाठी फेरफार घेतो आणि त्या रकान्यात कर्जाचा आकडा चढतो. त्याला बोजा म्हणतात. कर्ज फिटलं की त्या ओळीला कंस पडतो, बोजा उतरला. आमच्या सात एकरांच्या उताऱ्यावर २००४ साली असा एक बोजा चढला आणि २०१२ साली उतरला. दोन्ही नोंदी बाबांच्या नावानं आहेत. मधल्या आठ वर्षांत घरातून काय काय गेलं, त्याची नोंद एका शंभर पानी वहीत आहे. आजी सांगायची आणि ताई लिहायची. ती वही आता माझ्याकडे आहे. कव्हर फाटलंय, मधली चार पानं उंदरांनी खाल्लीत, पण आकडे वाचता येतात.

गेल्या वर्षभरात या लेखासाठी मी जिल्ह्यात फिरले. बँकांच्या दारात उभी राहिले, बाजार समित्यांत बसले, बचत गटांच्या बैठकांना गेले. कर्जाविषयी विचारलं की पुरुष आकडा सांगतात. बायका वस्तू सांगतात: पोत, गाय, शिलाई मशीन, पोरीचं कॉलेज. आजीच्या वहीतही तसंच आहे.

बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही दोन भाग करतो, घाटावर आणि घाटाखाली. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि खुद्द बुलढाणा घाटावर. तिथं आता सगळं सोयाबीन. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, मोताळा, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. इथली जमीन काळीभोर, कापसाची. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला तो इथला कापूस गाडीत घालून मुंबईला न्यायच्या फाट्याचं उद्घाटन करायला. कापसाबरोबर रोख पैसा आला आणि पैशाबरोबर सावकार, हेही त्याच काळातलं. पण पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. विहीर खोदली तर मचूळ पाणी लागतं, म्हणून तिथला कास्तकार आभाळाकडे बघूनच पेरतो. आमचं गाव त्या पट्ट्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. पाणी गोडं, पण खोल. त्या गोड्या पाण्यानंच बाबांना विहिरीचा मोह घातला. २००४ साली ७२,००० रुपये कर्ज काढून विहीर आणि मोटार झाली. पुढच्या वर्षी पावसानं ताण दिला, दुबार पेरणी करावी लागली. तेव्हा बँकेकडे जायची सोय नव्हती, कारण विहिरीचा हप्ता थकलेला. मग सावकार.

जून २००६. वहीचं पहिलं पान. ताईचं अक्षर तेव्हा फार टापटीप होतं.

ब्यांक – ८८,००० (त्यात व्याज १६,०००)
सावकार – ३५,००० (शेकडा ४)
कृषी केंद्र – १४,५००
मामा – १२,००० (बिनव्याजी)

एकूण १,४९,५००. आज हा आकडा छोटा वाटेल. तेव्हा बाईची दिवसाची मजुरी पन्नास रुपयांच्या आत होती. 'शेकडा ४' हे शहरातल्या वाचकांसाठी उलगडून सांगते. शंभराला चार रुपये, दर महिन्याला. ३५,००० वर महिन्याला १,४०० आणि वर्षाला १६,८००. मुद्दल जागच्या जागी.

त्या महिन्यात आमच्या शेजारच्या गावात एकानं फवारणीचं औषध घेतलं. त्याच्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्या दिवसानंतर आजी रात्री ओट्यावर बाबांच्या खाटेला खाट लावून झोपू लागली. कारण विचारलं तर म्हणायची, घरात गरम होतं. औषधाच्या डब्याही तिनं कोठीतून काढून कुठंतरी नेऊन ठेवल्या. त्यांची जागा फवारणीच्या दिवशी फक्त तीच सांगायची.

१ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा. त्यात थकीत कर्जाचं व्याज माफ झालं आणि मुद्दलाचे हप्ते पाडून मिळाले. आमच्या वहीत पुढं एक ओळ आहे: 'ब्यांकेचे १६,००० सुटले. देव पावला.' सावकाराच्या व्याजाला मात्र कोणतंही पॅकेज लागू नसतं. ते फेडायचं घरातूनच.

त्यासाठी घरात रात्री बसलेली बैठक मला नीट आठवते. मी सहावीत होते आणि मला झोपलेली समजून सगळे बोलत होते. बाबा म्हणाले, दोन एकर काढून टाकतो. आजी म्हणाली, "वावर शेवटी. आधी घरातलं पाहू." मग तिनं स्वतःच्या पायांकडे हात नेला. तिचे चांदीचे तोडे लग्नातले, चाळीस तोळ्यांचे. पायातून निघेनात. माय साबणाचं पाणी घेऊन आली. एक निघाला, दुसरा अडकला. घोट्याचं हाड त्याच्याभोवतीच वाढलेलं. शेवटी सकाळी गावातल्या सोनारानं तो कापून काढला. त्या जागी कातडी पांढरी आणि लहान लेकराच्या अंगासारखी मऊ होती, आणि आजी पुढं कित्येक दिवस बसल्या बसल्या तिथं हात फिरवायची.

चांदी विकायला खामगावशिवाय जाणार कुठं? त्या गावाला रजतनगरी म्हणतात, तिथल्या चांदीच्या शुद्धतेची ख्याती महाराष्ट्राबाहेरही आहे. तोड्यांचे ५,८०० आले. मायच्या पोतीचे आणि डोरल्याचे ११,५००. मण्यांतली लाख वजा, डाग वजा, घट वजा. जुनं सोनं मोडताना 'वजा' हा शब्द फार ऐकावा लागतो. माय त्याच दुकानातून नुसत्या काळ्या मण्यांची, दोऱ्यात ओवलेली पोत गळ्यात घालून बाहेर आली.

मग बैल गेले. १७,०००.

वहीत ही बेरीज अशी आहे: बैल १७,०००, सोनं ११,५००, तोडे ५,८००, दोन शेळ्या २,४००, आणि 'भाऊ' २,५००. एकूण ३९,२००. सावकाराचं मुद्दल आणि तीन महिन्यांचं तुंबलेलं व्याज बरोबर एवढं होत होतं. पैसे द्यायला बाबांबरोबर आजी गेली. सावकारानं कोरा स्टँप पेपर परत दिला, बाबांची सही आणि अंगठा असलेला. आजीनं तो तिथंच उलटसुलट करून पाहिला. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण अंगठ्याखालचा व्रण तिला ओळखू आला. घरी येऊन तिनं तो चुलीत घातला आणि त्याच्यावर चहा केला.

आम्ही स्वस्तात सुटलो. घाटाखालच्या कित्येकांनी कोऱ्या स्टँपऐवजी सरळ खरेदीखत करून दिलेलं असे. 'नावापुरतं' म्हणून केलेलं, पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवलेलं, म्हणजे कायद्यानं पक्कं. पैसे परत केले तरी वावर परत येईलच असं नाही. खामगाव परिसरातल्या एका शेतकऱ्याच्या अशाच सावकारीविरुद्धच्या तक्रारीचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथल्या आमदाराच्या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारींवर गुन्हा नोंदवण्यापूर्वी त्या जिल्ह्याच्या सावकारीविरोधी समितीकडे पाठवाव्यात, अशी सूचना २००६ मध्ये मुख्यमंत्री कार्यालयातून गेली होती. मुख्यमंत्री होते विलासराव देशमुख. डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयानं हा हस्तक्षेप बेकायदा ठरवून राज्य सरकारला १० लाखांचा दंड केला. त्यानंतर २०१४ साली राज्याचा नवा सावकारी कायदा आला. सावकारीपोटी गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागून परत मिळवता येते, अशी तरतूद त्यात आहे. कायदा चांगला आहे. पण तक्रार करायची म्हणजे पुढच्या जूनमध्ये बियाण्याला पैसे कोण देणार, हे आधी ठरवावं लागतं.

खरं तर या मुलखात कर्जाचा कायदा नवा नाही. १९३० नंतरच्या मंदीत कापसाचे भाव पडले, तेव्हा अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. कर्ज लवादाच्या कायद्यासाठी ते झटले, आणि १९३३ च्या त्या कायद्यानं लवाद मंडळासमोर सावकार आणि कूळ बसवून कर्ज तोडून देण्याची सोय झाली. आज पीककर्जावर राज्य सरकार जी व्याजसवलत देतं, तिला पंजाबरावांचंच नाव आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर शून्य टक्के. या शून्याबद्दल पुढं बोलू.

'भाऊ २,५००' ही वहीतली सगळ्यात लहान नोंद आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ. बारावी झाला होता. तंत्रनिकेतनात नंबर लागत होता. त्यानं फॉर्म भरलाच नाही. घरी सांगितलं की मुदत निघून गेली. जुलैत रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं तो चाकणला गेला, कंत्राटदाराच्या हाताखाली हेल्पर म्हणून, महिना २,८००. २,५०० हे त्याच्या पहिल्या पगारातले. उरलेल्या तीनशेत आणि पुढच्या उचलीत त्यानं तो महिना कसा काढला, ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही. मुदत निघून गेली नव्हती, हे मला पाच वर्षांनी मी स्वतः कॉलेजचा फॉर्म भरायला गेले तेव्हा कळलं. तोवर त्याला विचारण्यात अर्थ उरला नव्हता.

पोळा ऑगस्टात आला. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, हळद-तूप लावतात आणि त्यांना आमंत्रण देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. गोठा रिकामा. माय कुंभाराकडून मातीची जोडी घेऊन आली, पाटावर मांडली, हळद-कुंकू लावलं. बाबा सकाळीच वावरात गेले ते तोरण तुटून, बैल घरोघर फिरून सगळं आटोपल्यावर अंधारात आले. आमचा विकलेला एक बैल गावातच होता. त्याच्या नव्या मालकानं रीत म्हणून तो आमच्या दारातही आणला. माय पायावर पाणी घालायला बाहेर आली. बैल मालकाला ओढत सरळ गोठ्याकडे निघाला, रोजच्या सवयीनं. त्याला आवरायला दोघं लागले.

या वर्षांना लोक नंतर 'काटकसर' म्हणतात. तेल पळीनं मोजून. चहात साखरेऐवजी गूळ. दूध डेअरीला. एका एकरात कापूस काढून ज्वारी, म्हणजे भाकर तरी विकत नको. दिवाळीला नवा कपडा फक्त मला, कारण मी धाकटी आणि माझं वाढतं अंग. खाण्या-कपड्यांचं फारसं वाईट वाटलं नाही. आजूबाजूला सगळेच तसे राहत होते. जिव्हारी लागलं ते लग्नाला न जाणं. आमच्याकडे आहेराची वही असते. त्यांनी आपल्याकडे काय घातलं ते बघून आपण घालायचं. आहेर नसेल तर जायचं कसं? माय तीन वर्षं माहेरी गेली नाही. तिच्या चुलतभावाच्या लग्नाला गेली नाही तेव्हा तिकडून निरोप आला, मोठे झाले म्हणा तुम्ही. कर्जबाजारी माणसाला लोक गर्विष्ठ समजतात, हे मी तेव्हा पाहिलं.

आणि बाबांनी काय सोडलं? तंबाखू. दोन महिने. मग पुन्हा धरली. यावर घरात आजही हसतात, मीही हसते. पण लेख लिहायला वही उघडली तेव्हा लक्षात आलं की त्यात बाबांच्या नावापुढं एकही वस्तू नाही. त्यांच्याकडे विकण्यासारखं, सोडण्यासारखं स्वतःचं असं काही नव्हतं, वावर सोडलं तर. आणि वावर घरानं सोडू दिलं नाही. माय म्हणते, "त्याइनं झोप सोडली. ते काही वहीत लिहित असतात का?" माझा वाद तरीही शिल्लक आहे. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्यांनीच तो वाचवला, आणि वाचवल्यावरही तो त्यांच्या नावावर झाला नाही.

ताईचं लग्न एकोणिसाव्या वर्षी ठरत होतं. मुलाकडच्यांनी पन्नास हजार आणि मोटारसायकल मागितली. आजी म्हणाली, थांबा. थांबता थांबता पाच वर्षं गेली. गावात बोलायला लागले. त्या पाच वर्षांत ताई एएनएम झाली, सरकारी नोकरीला लागली, आणि चोविसाव्या वर्षी तिनं स्वतः पसंत केलेल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं. आमच्या घरानं जे जे गमावलं त्यात ताईचं ठरलेलं लग्न हीच एक गोष्ट अशी, जी गमावून बरं झालं. गरिबीचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही. ताईच्या वर्गातल्या इतर मुलींची घरं थांबली नाहीत, त्यांनी हुंड्यासाठी आणखी कर्ज काढलं.

२००८ ची केंद्राची कर्जमाफी आली तेव्हा गावात गुलाल उधळला. पाच एकरांच्या आतल्यांना सरसकट माफी. आमचं सात एकर. पाच एकरांवरच्याला पंचवीस टक्के किंवा २०,००० यापैकी जास्त असेल ती सूट, तीही बाकीचे पैसे आधी भरले तर. आम्ही भरू शकलो नाही. त्याची मुदत वाढत वाढत जून २०१० पर्यंत गेली आणि संपली. संपल्यावर सहा महिन्यांनी कापूस उठला. २०११ च्या सुरुवातीला भाव सहा हजारांच्या वर जाऊन आला. आमचे सव्वीस क्विंटल ५,८०० नं गेले. आदल्या वर्षी तोच कापूस तीन हजारांच्या आसपास विकला होता.

इथं थोडा हिशेब करते, कारण काटकसरीच्या कथा सांगणारे नेमका हाच भाग गाळतात. नुसत्या भाववाढीनं त्या हंगामात आम्हाला सत्तर हजारांवर जास्तीचे मिळाले. भावानं पाच वर्षांत पाठवलेले नव्वद हजार. म्हणजे बँक, कृषी केंद्र आणि मामा यांचे पैसे फिटले ते एका पोराच्या मजुरीतून आणि एका वर्षाच्या भावातून. मग गूळ घातलेल्या चहानं काय केलं? त्यानं नवं कर्ज होऊ दिलं नाही. जूनमध्ये बियाण्याला पैसे असायचे. सावकाराच्या ओट्यावर पुन्हा जावं लागलं नाही, म्हणून भाव आला तेव्हा तो पैसा घरात राहिला. गावात त्या वर्षी कापूस सगळ्यांचाच चांगला गेला. पण ज्यांच्यावर शेकडा ४ नं चढलं होतं, त्यांचा चुकारा अडत्याच्या दुकानातूनच परस्पर वळता झाला. आणि पाऊस २००९ सारखाच पुढची दोन वर्षंही कोरडा गेला असता, तर आमची काटकसरही वाहून गेली असती. त्यात आमचं कर्तृत्व काही नाही.

अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घट मांडतात. शेतात अठरा धान्यं गोलात, मधे चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला वाघ घराण्यातले पुजारी कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ भिजलं ते बघून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. बाबा दरवर्षी जायचे. मी त्यांना एकदा विचारलं, यावर विश्वास आहे का? म्हणाले, "इश्वास नाही. पण हजार माणसं एकाच चिंतेनं तथी उभी असतात, तर आपली चिंता हलकी वाटते."

फेब्रुवारी २०१२ मध्ये शेवटचा हप्ता गेला. तलाठ्याकडून बोजा कमी व्हायला आणखी तीन महिने. त्यानंतर बाबा दरवर्षी पीककर्ज घेत आणि दरवर्षी भरत. चालू बाकीदार, हा शब्द ते अभिमानानं वापरत. २०१७ साली राज्याची दीड लाखापर्यंतची माफी आली. शेजारच्या काकांचे एक लाख चाळीस हजार माफ झाले. नियमित भरणाऱ्यांना भरलेल्या कर्जाच्या पंचवीस टक्के, जास्तीत जास्त २५,०००. बाबांनी ८०,००० भरले होते, त्यांना २०,००० आले. २०१९ च्या डिसेंबरातली दोन लाखांची माफी थकबाकीदारांची, म्हणजे आमची नव्हतीच. नियमितवाल्यांचे ५०,००० मिळाले ते २०२२ मध्ये. वीस हजारांचा मेसेज आला तेव्हा माय म्हणाली, "हे बक्षीस हाय का दंड?"

माफीला माझा विरोध नाही. शेजारच्या काकांचा पोरगा त्या वर्षी कॉलेज सोडणार होता, तो शिकला. ते मी डोळ्यांनी पाहिलं. माफीवर टीका करणाऱ्या शहरी मंडळींना सोयाबीनचा भाव विचारावा. ऑगस्ट २०२१ मध्ये दहा हजारांवर गेलेलं सोयाबीन माल घरात येईपर्यंत निम्म्यावर आलं, आणि २०२४ च्या हंगामात ४,८९२ हमीभाव असताना बाजारात चार हजारांच्या आगेमागे फिरत होतं. पण आपल्याकडे माफीचा हिशेब थकबाकीवर बसतो. एखाद्या घरानं थकू नये म्हणून काय विकलं, ते कोणत्याच याद्यांमध्ये येत नाही. मग घरं शिकतात. गावात सरळ सल्ला देतात, भरू नका, निवडणूक येऊन राहिली.

२०२४ च्या विधानसभेला कर्जमाफीचं आश्वासन होतं. २८ मार्च २०२५ ला उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सांगितलं की ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. त्या तीन दिवसांत मी घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी बँकेबाहेर उभी होते. आत रांग, बाहेर चहाची टपरी, आणि टपरीवर काळी पिशवी मांडीवर घेतलेला एक माणूस. याला 'नवं-जुनं' म्हणतात. कास्तकाराकडे भरायला लाखभर नसतात. पिशवीवाला ते देतो. कास्तकार आत जाऊन जुनं भरतो, आठ-दहा दिवसांत बँक नवं कर्ज मंजूर करते, आणि त्यातून पिशवीवाल्याला एक लाख दोन हजार परत. बँकेच्या भिंतीवर शून्य टक्क्याचा फलक, आणि त्या शून्यासाठी टपरीवर लाखामागे दोन हजार. मी एका म्हाताऱ्या कास्तकाराला म्हटलं, मग हे कर्ज फिटलं कुठं? तो म्हणाला, "फिटत नाही बाई. पलटते."

पिशवीवाल्याकडे जायला नको म्हणून काही घरं दुसरी वाट धरतात. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन-तूर ठेवून किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत सहा टक्क्यांनी तारण कर्ज मिळतं. पणन मंडळाची ही योजना १९९० पासूनची आहे. १९८६ साली सुरू झालेल्या बुलडाणा अर्बन या पतसंस्थेनंही गोदामांचं जाळं उभारून हीच वाट रुळवली. भाव पडलेला असताना विकायची घाई टळते. पण गोदामापर्यंत न्यायला माल स्वतःचा राहिलेला लागतो. दरम्यान जिल्हा मध्यवर्ती बँक परवान्याअभावी अडचणीत होती. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन बँका वाचवायला २०१४ साली केंद्राला मदत जाहीर करावी लागली. गावची सोसायटी ज्या वर्षांत नावापुरती उरली, त्या वर्षांत गावात गटवाले आले.

गटवाले म्हणजे मायक्रोफायनान्स. सकाळी मोटारसायकलवर पोरगा येतो, दहा बायका ओट्यावर बसतात, हप्ता मोजला जातो. एकीनं भरला नाही तर बाकीच्या नऊजणींनी भरायचा, तोवर कोणी उठायचं नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. नांदुऱ्याकडच्या एका ओट्यावर मी सहज विचारलं, किती गट? एकीनं तीन बोटं दाखवली. सोमवार एकाचा, बुधवार दुसऱ्याचा, आणि शुक्रवारचा या दोघांचे हप्ते भरायला घेतलेला. "थायराइडची गोळी एक दिवसाआड घेतो," ती म्हणाली. नवऱ्याला माहीत आहे का? तिनं हप्त्याच्या कार्डाकडे बोट केलं. त्यावर नाव तिचं होतं.

आजी २०१५ साली गेली. वहीत तिनं सांगितलेली शेवटची नोंद बैलजोडीची आहे, मे २०१२, ४२,०००, त्यापुढं कंसात 'रोख'. त्या वर्षीच्या पोळ्याला बाबा घरी होते.

तोडे परत आले नाहीत. पोतीचं भाऊ दरवर्षी काढतो. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं तेव्हा त्यानं विषय बंद केला, आणि दुसराच काढला. चाकणला फ्लॅट बघितलाय, बँकेचं कर्ज मंजूर होतंय, मायनं हो म्हणावं. माय ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती.

"शेकडा किती?"

"साडेआठ टक्के. वर्षाला."

तिनं मनाशी भाग दिला. "म्हंजे महिन्याले पाऊण रुपाया बी नाही. मंग घे की." आणि दोन शेंगा सोलल्यावर, "मुदत?"

"वीस वर्षं."

भाऊ सदतीस वर्षांचा आहे. मायनं हातातली शेंग तशीच परडीत टाकली आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली.